चार नंबरची फळी

शर्यत संपल्यावर पंचेचाळीस मिनिटांनी वामनरावांनी लेखी हरकत दिली. हरकतीसाठी एक तासाची मुदत असते, म्हणजे ती वेळेत होती. कागदावर एकच वाक्य होतं : होडी क्रमांक चारची ओळख तपासावी.

वामनराव आमच्या जिल्ह्याच्या शीडहोडी संघटनेचे अध्यक्ष; शर्यती इथल्या धरणाच्या पाण्यात होतात. त्यांचा नातू आयुष सहा नंबरच्या होडीवर दुसरा आला होता. चार नंबरवर होती ममता मुनेश्वर, ती पहिली. पहिल्याला राज्य शिबिरात जागा होती, एकच, आणि वीस वर्षांच्या आतल्यालाच. मार्चअखेर ममताला वीस पूर्ण होणार होती. शिबिराचं प्रमाणपत्र असलं की सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो, हे तिनं मला त्या महिन्यात निदान तीनदा सांगितलं होतं.

मोजणी माझ्याकडे होती. मी पांढरकवड्याची, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., महागावकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. होड्यांची वजनं-मापं घेणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून मी चार दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. पोहता मला अजूनही येत नाही.

जुन्या होड्या सारख्या नसतात. लाकूड पाणी पितं, तळ लवचीक होतो, वेग कमी होतो. म्हणून प्रत्येक होडीला एक आकडा देतात. लागलेले सेकंद त्या आकड्यानं भागायचे आणि हजारानं गुणायचे. आकडा जितका मोठा तितकी सवलत जास्त. आमच्याकडे दोनच आकडे होते : १९८५च्या आधीच्या होडीला ११५०, नंतरच्या होडीला ११२०. होडी कधीची, हे मागच्या फळीवर कोरलेल्या बांधणीच्या नंबरावरून कळायचं.

हरकत येईपर्यंत निकाल असा होता. ममताला लागले ३२६० सेकंद, आयुषला ३२७८. दोन्ही होड्या नोंदवहीत १९७९च्या, दोघांना ११५०. आकडा सारखा असला की भागाकाराला अर्थ उरत नाही. जी पाण्यात पुढे, तीच पुढे.

होड्या ठेवलेल्या गोडाऊनमध्ये आम्ही गेलो. ममताचे वडील धम्मरत्न तिथंच होते. ते मूळचे कूलरच्या फायबर टाक्या दुरुस्त करणारे. सहा वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका क्लबनं टाकाऊ म्हणून आठ होड्या ट्रकनं पाठवल्या, त्यातल्या सहा यांनी उभ्या केल्या. उरलेल्या दोन्हींचे तळ फुटलेले होते.

"काका, चार नंबरची मागची फळी बदलली होती का?" मी विचारलं.

"बदलली ना. सडून गेलती पुरी. फुटक्या होडीची काढून हिले बसवली." त्यांनी फळीवर बोटं वाजवली. "आवाज पाहा. सांधा सापडते का तुम्हाले, सांगा."

सांधा खरंच सापडत नव्हता.

"आणि नंबर?"

"तो फळीवर होताच. म्या विचारलंबी होतं, खरवडू का म्हणून. मनले, राहू दे, ओरिजिनल दिसते."

कोण म्हणाले, ते मी विचारलं नाही. माझं डोकं पुढच्या पायरीवर गेलं होतं. तळ फायबरचा असेल तर साच्याचा नंबर तळातच उठलेला असायला हवा, आणि तो कोणी बदलू शकत नाही. मी होडीत उतरले, मधोमध पाण्यात सोडायच्या पात्याची पेटी असते तिच्याशेजारचा पाट उचलला आणि टॉर्च आडवा धरला. तिरप्या उजेडात रंगाच्या थराखाली सहा अंक दिसले. फोटो काढून त्या क्लबच्या सचिवांना पाठवला. वीस मिनिटांत उत्तर आलं : हा साचा १९९१चा.

मला आनंद झाला होता. हे लिहायला हवं. कॉलेजात कुठलाच प्रयोग इतका स्वच्छ निघाला नव्हता. मी फोटो सगळ्यात आधी ममताला दाखवला, जणू तिलाही मजा वाटेल.

तिनं फोटो मोठा करून पाहिला. "मंजे आता मले ११२०?"

"हो."

"मंग किती झाले?"

मी सांगितलं. २९१०.७. आयुषचे २८५०.४. ती साठ सेकंदांनी मागे गेली होती.

"पण पाण्यात मी पुढं होती ना, मॅडम?"

"होतीस. अठरा सेकंदांनी."

वामनरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असं पाहा बेटा, सवलतीवर जितनं काही जितनं नसते. मेहनत कर. अजून वय हाय तुहं."

"मार्चपर्यंत हाय," ममता म्हणाली, आणि शीड घडी करायला गेली. आयुष तिला एक टोक धरून द्यायला पुढे झाला. तिनं ते टोक त्याच्या हातातून काढून घेतलं.

मी अहवाल लिहिला. एक पान, दोन फोटो, एक तक्ता. त्यात आजही मला चूक सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी राहिली म्हणून मी गोडाऊनला परत गेले. धम्मरत्न कडेला बसून ब्रश धूत होते. मी म्हणाले, "काका, माझा नाइलाज होता."

"तुम्ही बराबरच केलं. फळी दुसरीच होती." ते ब्रश झटकत राहिले. "सहाचीबी दुसरीच हाय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "सहाची म्हणजे आयुषच्या होडीची?"

"फुटक्या होड्या दोन होत्या ना. दोघींच्या फळ्या चांगल्या निंघाल्या. एक चारले लावली, एक सहाले. एकाच दिवशी. वामनराव समोर खुर्ची टाकून बसले होते, दोन्ही फळ्या त्याइनंच पसंत केल्या."

"नंबर राहू दे असं तेच म्हणाले होते?"

"मंग दुसरं कोन मनन?"

"काल का नाही सांगितलं?"

"तुम्ही चारचं विचारलं, म्या चारचं सांगतलं." मग ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, "आन् सांगतलं असतं तं काय झालं असतं मॅडम? पोरीसाठी बोलून राह्यला, असंच मनले असते. तुम्ही मशीन लावून पाहाल, मले वाटलं. तुमचं शिक्षन हाय त्यातलं."

मी सहा नंबरच्या होडीत उतरले. तोच पाट, तोच तिरपा उजेड. फोटोला क्लबचं उत्तर आलं : साचा १९९२चा. मी तिथंच बसून हिशेब केला, खरं तर करायची गरज नव्हती. दोघांना ११२० दिले की ममता २९१०.७, आयुष २९२६.८. सोळा सेकंदांनी ममता पहिली.

त्याच दुपारी मी वामनरावांच्या पेट्रोल पंपावर दुसरा अहवाल घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, तक्त्यासकट.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले. "पण हरकत कोनाची हाय याच्यावर?"

"हरकत नाही. मोजणी अधिकारी म्हणून मी..."

"मोजनी अधिकारी हरकत आलेली होडी मोजते. हरकतीले मुदत किती?"

"एक तास."

"झाला का नाही तास?" त्यांनी माणसाला चहा सांगितला. "नियम तुम्हीच वाचून दाखवला होता बेटा, सगळ्यायसमोर."

"तुम्हाला माहीत होतं, काका. दोन्ही फळ्यांचं."

"सहा वर्सं झाले. कोनाले आठवते?"

"मग चारचं कसं आठवलं?"

ते हसले. रागावले नाहीत, आणि तेच मला सहन झालं नाही. "घे, चहा घे," ते म्हणाले. मी चहा घेतला. का घेतला, ते मला सांगता येणार नाही.

राज्य संघटनेला मी मेल केला. अकरा दिवसांनी उत्तर आलं : जिल्ह्याचा निकाल मुदतीनंतर उघडता येत नाही, आपल्या काटेकोर कामाबद्दल आभार. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या संघटनेची बैठक झाली आणि तिनं दोन ठराव केले. होडीच्या ओळखीत फेरफार झाल्यामुळे दुरुस्तीचं काम यापुढे धम्मरत्न मुनेश्वर यांना देऊ नये. आणि चार नंबरच्या फळीवरचा जुना नंबर खरवडून खरा नंबर टाकावा. पहिल्या ठरावाला आधार म्हणून माझा पहिला अहवाल जोडला होता. त्यावर माझी सही होती. दुसरा अहवाल जोडलेला नव्हता.

मी राजीनामा लिहिला होता. तो अजून फोनमध्येच आहे. मी गेले तर मोजणी आयुषच्या वडिलांकडे जाईल, असं मी स्वतःला सांगते. ते कितपत खरं आहे, ते तपासायला माझ्याकडे साधन नाही.

नंबर टाकायला तिथं दुसरं कोणी मिळालं नाही. शेवटी धम्मरत्नांनाच बोलावलं. मार्चची दहा तारीख होती, शिबिर त्याच दिवशी सुरू झालं होतं. ममता आली नव्हती. ती आता रोज धरणाच्या भिंतीवर धावते. परवा मला तिथंच भेटली होती. "भरतीत धावाले घड्याळ सगळ्याइले एकच असते ना, मॅडम?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. "पक्कं पाहून सांगा हं," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली.

धम्मरत्नांनी जुने अंक घासून काढले. फळी इतकी सुरेख बसवलेली होती की घासल्यावरही सांधा दिसला नाही. त्यांनी पेन्सिलनं रेघ मारली आणि माझ्याकडे पट्टी दिली.

"सरळ धरा. वाकडे आले तं पुन्हा मलेच बोल लागन."

मी पट्टी धरली. त्यांनी काळ्या रंगात एकेक अंक भरला. तिसऱ्या अंकावर थांबून त्यांनी मान न वळवता विचारलं, "सहावर कोनता टाकायचा?"

"सहाचा ठराव नाही झाला, काका."

"बरं."

ब्रश पुन्हा बुडवून त्यांनी उरलेले तीन अंक पूर्ण केले, चिंधीनं कडा पुसल्या आणि बाजूला झाले.

"पाहा, बराबर आले का."

मी फोनमधला फोटो काढला आणि एकेक अंक जुळवून पाहिला. सहाही बरोबर होते.