मायाच्या बोटांवरच्या भेगा

माणूस कुठलं काम करतो हे मी त्याच्या हातांवरून ओळखतो. कुपवाडच्या एका शेडमध्ये लेथ चालवण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे बायको भाकरी वाढायला वाकली आणि तिच्या अंगठ्याची कड दिसली, तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. खरखरीत, भेगाळलेली कड आणि भेगांत काळ्या रेघा. घरात बसून असे हात होत नाहीत.

म्हणजे मी सेकंड शिफ्टला गेलो की माया चोरून कुठल्या तरी मशिनवर उभी राहते. या बिराप्पाला, म्हणजे मला, संसार झेपत नाही, असं उद्या सगळं कुपवाड म्हणणार. माझं डोकंच फिरलं. पण विचारायचं नाही, पुराव्यासकट पकडायचं, असं ठरवलं.

पुरावे रोजच मिळू लागले. केस विंचरताना तिचा हात अर्ध्यातूनच खाली यायचा. पापण्या जांभळट, सुजलेल्या. जिना चढली की धाप.

"लय दमलीस वाटतं," मी खोचकपणे म्हणायचो.

"कशानं दमीन? घरातच तर हाय."

दोनदा मी शिफ्ट अर्धी टाकून घरी आलो. दोन्ही वेळा ती अंथरुणावर पडलेली. माझ्या आधी घर गाठते, लबाड आहे, असं मला वाटलं. असा मी शहाणा.

फेब्रुवारीत तिचा भाऊ तानाजी साताऱ्याहून आला. चहा ठेवायला म्हणून माया जमिनीवरून उठू लागली आणि तिला उठताच येईना.

"आवं दाजी, बगत काय बसलाय?" तो ओरडला आणि तिला उचलून रिक्षात घातलं.

विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा स्कॅन केला, रक्त तपासायला पाठवलं. आठवड्याने रिपोर्ट आला. डर्मॅटोमायोसायटिस.

"शरीर आपल्याच पेशींना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं," बाई म्हणाल्या. "यांच्या रक्तात अँटी-जो-वन सापडलीय. ती असली की बहुधा स्नायूंबरोबर फुफ्फुसंही धरली जातात. स्कॅनमध्ये ते दिसतंय. हातांच्या या भेगाही त्यातल्याच. आम्ही त्यांना मेकॅनिकचे हातच म्हणतो."

मला खुर्चीत बसवेना.

"धाप कधीपासून लागते? नीट सांगा, औषध त्यावर ठरेल."

"आठ-दहा दिस झालं आसतील," माया भावाकडे बघत म्हणाली. त्याला घोर नको म्हणून खोटं बोलत होती.

मी गप्प राहिलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. पण तिचा जीव त्या उत्तरावर अवलंबून होता.

"सतरा नोव्हेंबरला हात दिसले," मी म्हणालो. "धाप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. आधी दुसऱ्या मजल्यावर लागायची, जानेवारीत पहिल्यावरच. केस विंचरणं संक्रांतीपासून बंद."

बाईंचं पेन थांबलं. "एवढं माहीत होतं? मग तीन महिने आणलं का नाहीत?"

मी खरं कारण सांगितलं. सगळं, शिफ्ट टाकून आलो होतो तेही. सांगताना लाज वाटली. तानाजीने तोंड फिरवलं.

माया माझ्याकडे वळली.

"म्हंजे तुमाला समदं दिसत हुतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमचं माझ्याकडं ध्यानच न्हाई."