नंतरचा फोटो

पारुलने कानातल्या कुड्या काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या, मग बांगड्या उतरवल्या आणि वजनकाट्यावर चढली. निमेष गुडघे टेकून आकड्याकडे बघत होता.

"श्वास रोखू नकोस. त्याने वजन कमी होत नाही."

तिने श्वास सोडला. निमेष आणखी क्षणभर खाली वाकून राहिला, मग उठला आणि टेबलावरचे डबे उगाच एका रांगेत लावू लागला.

"वाढलंय?" तिने विचारलं.

"थोडंसं. होतं असं. रविवारपर्यंत रोटली आणि भात बंद कर. सकाळी प्रोटीनचा शेक, दुपारी पनीर आणि मूग, संध्याकाळी परत शेक. पिवळा कुर्ता होतो ना अंगाला?"

"होतो."

कुर्ता होत नव्हता. आदल्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या, तेव्हा तिने दार लावून घेऊन त्याची दोन्ही बाजूंची शिवण उसवली होती. आत दाबलेलं कापड होतं तेवढं सगळं बाहेर काढलं होतं. आता सोडायला काही उरलं नव्हतं.

नडियादमधल्या त्या घराच्या तळमजल्यावर निमेषच्या वडिलांचं साड्यांचं दुकान होतं. आता तिथे हिरव्या खुर्च्या, मिक्सर आणि प्रोटीनच्या पावडरीचे डबे होते. सकाळ-संध्याकाळ माणसं यायची, वजन करायची, ग्लासभर शेक पिऊन जायची. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा फलक दिसे. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. आधीची पारुल भाच्याच्या लग्नात होती, तपकिरी साडीत, तोंड भरलेलं, कुणाच्या तरी बोलण्यावर हसता हसता ठसका लागलेली. नंतरची पारुल पिवळ्या कुर्त्यात कमरेवर हात ठेवून तिरकी उभी होती. गालांची हाडं वर आलेली, गळ्याखाली दोन खळगे.

गाव तिला या दुसऱ्या फोटोवरून ओळखत असे. भाजी घेताना अनोळखी बायका तिचा दंड चिमटीत धरून बघत आणि "अजून तशीच आहे हो!" असं एकमेकींना सांगत. लग्नाच्या पंगतीत लोक आधी तिच्या ताटात डोकावत, मग स्वतःच्या. एकदा नणंदेच्या घरच्या वास्तुशांतीला तिने कोठीत, पिठाच्या डब्यामागे उभं राहून दोन जिलब्या खाल्ल्या होत्या आणि पाक पदराला पुसला होता. चाळिशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई, पोरीसारखी चोरून जिलबी खाते, याचं तिला त्या वेळी हसू आलं होतं. आता येत नसे.

रविवारी आणंदला कंपनीचा मोठा मेळावा होता. अहमदाबादहून वरची माणसं येणार होती. निमेष बोलणार होता आणि त्याच्या बोलण्याच्या शेवटी पारुल पिवळ्या कुर्त्यात व्यासपीठावर येणार होती.

दहाच्या सुमाराला शेजारच्या गल्लीतली अल्पा सासूला घेऊन आली. सासूचं नाव रेवाबेन. सत्तरी गाठलेली, पांढऱ्या साडीतली म्हातारी. अंगावरचं पोलकं एकेकाळी मापाचं असणार, आता खांद्यावरून घसरत होतं.

"निमेषभाई, आमचं उलटं गिऱ्हाईक आहे," अल्पा म्हणाली. "सगळे उतरवायला येतात, आम्हाला चढवायचंय. डॉक्टर म्हणतात मांस झडत चाललंय. परवा न्हाणीत उठताच येईना. प्रोटीन वाढवा म्हणाले."

"डॉक्टरने दही, डाळ आणि शेंगदाणे सांगितले," रेवाबेन म्हणाल्या. "आणि रोज चाल म्हणाला. पावडर ही सांगते."

"बा, डाळ तुम्ही वाटीत घेता आणि वाटी तशीच मोरीत जाते."

"गोड नसते हल्ली."

"मीच करते, पारुलबेन, तीच डाळ," अल्पा पारुलकडे वळून हताशपणे म्हणाली. "तोच गूळ, तेच कोकम. सासरे होळीत वारले, तेव्हापासून यांना काहीच गोड लागत नाही."

निमेष पुढे झाला. त्याचं बोलणं पाठ असलं तरी खोटं नव्हतं, हे पारुलला ठाऊक होतं. तो मनापासून बोलायचा. वय वाढलं की शरीर मांस लवकर सोडतं, आपण डाळभातवाले लोक पोट भरतो पण अंग भरत नाही, प्रोटीन खाल्लं की भूक आवाक्यात राहते, जाड माणूस उतरतो आणि वाळलेला सावरतो.

"म्हणजे एकच पावडर जाड्याला बारीक करते आणि बारकीला जाड?" रेवाबेननी विचारलं. "शहाणी दिसते फार."

अल्पा फिस्सकन हसली. निमेषही हसला. "बा, नुसती पावडर नाही, चालायलाही हवं. पण पुरावा समोर आहे. ही माझी बायको. बघा आधी, बघा नंतर." तो मिक्सरकडे, लाकडी आडोशामागे गेला. "दूध चालेल ना? वेलची घालून देतो."

अल्पाचा फोन वाजला, ती बोलत पायरीवर गेली. मिक्सर घरघरू लागला. रेवाबेन काठी टेकत फलकापाशी गेल्या. डावीकडच्या फोटोकडे त्यांनी पाहिल्यासारखं केलं आणि उजवीकडच्या समोर बराच वेळ थांबल्या. पारुलला या थांबण्याची सवय होती. आता त्या दंड चाचपतील म्हणून तिने बाही सावरली.

रेवाबेन वळल्या. "तुझ्याकडे कोण गेलं होतं गं?"

"कुठे, बा?"

"या साली." त्यांनी काठीनेच फोटो दाखवला. "कोण गेलं होतं?"

पारुलने मिक्सरकडे पाहिलं, मग दाराकडे. अल्पा पाठमोरी होती.

"आरशात मी रोज बघते असला गळा," रेवाबेन म्हणाल्या. "उपास केला की माणूस वाळतो. पण असा नाही."

मिक्सर बंद झाला आणि त्याच क्षणी पारुलच्या तोंडून निघून गेलं, "बहीण. धाकटी."

ते शब्द तिला स्वतःलाच मोठ्याने ऐकू आले.

बिनिता भरूचला दिली होती. काविळीचं निमित्त झालं. पारुल पोचली तेव्हा अंगणात बायका बसलेल्या होत्या. परत आल्यावर ती स्वयंपाक करी, मुलांचे डबे भरी, सगळ्यांना वाढी, आणि स्वतः जेवायला बसली की रोटलीचा घास तोंडात फुगत राही, गिळताच येत नसे. निमेषने नुकतंच हे पावडरीचं काम सुरू केलं होतं. तो रोज सकाळी स्वतःच्या हाताने ग्लास तयार करून तिच्यासमोर धरी. चावायचं नव्हतं म्हणून ती पिई. संध्याकाळी पुन्हा. महिने गेले. वजन उतरत गेलं, आणि एके दिवशी काट्यावरचा आकडा बघून निमेषचा चेहरा असा उजळला, की हे कशामुळे झालं ते सांगायला तिची जीभ रेटली नाही. तेव्हा तो आनंदात होता, ती नव्हती. दोघांपैकी एकाला तरी असू दे, असं तिला वाटलं. मग फोटो निघाला, मग फलक, मग माणसं येऊ लागली. सांगायचा दिवस कधी उलटून गेला ते तिला कळलंही नाही.

निमेष ग्लास घेऊन आडोशाबाहेर आला. त्याने तो रेवाबेनच्या हातात दिला. ग्लास हिंदकळून थोडा शेक त्यांच्या बोटांवर सांडला.

"घ्या, बा. सावकाश घ्या."

रेवाबेननी दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. "औषध आहे. पण उतरतंय खाली." अर्धा ग्लास त्यांनी संपवला. अल्पा आत येऊन तो अर्धा ग्लास बघून इतकी खूश झाली, की तिने तिथेच एक डबा मागितला. जाताना रेवाबेन पारुलच्या खांद्यावर हात ठेवून पायरी उतरल्या.

दोघी गेल्या. निमेष मिक्सरचं भांडं धुवायला लागला. स्वच्छ झालेलं भांडं त्याने पुन्हा घासलं.

"ऐकलं मी आतून. मला वाटायचं तू जिद्दीने वजन उतरवते आहेस," तो पाठमोराच म्हणाला.

पारुलने रेवाबेनचा अर्धा उरलेला ग्लास त्याच्या बाजूला नेऊन ठेवला.

"मी सगळ्यांना तेच सांगितलं. अख्ख्या जिल्ह्याला. माझ्या बायकोची जिद्द बघा." त्याने नळ बंद केला. "तू एकदाही बोलली नाहीस."

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

"भरूचला मी होतो ना तुझ्याबरोबर. खांदा दिला मी."

"हो."

"मग?"

"तेराव्यानंतर कुणी तिचं नावच काढलं नाही," पारुल म्हणाली. "तुम्ही नाही, तुमच्या बांनी नाही. मीही नाही."

निमेष हात पुसत हिरव्या खुर्चीवर बसला, गिऱ्हाइकं बसतात त्या रांगेत. फलक त्याच्या अगदी समोर होता. तो त्याच्याकडे न बघता जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"त्याचा काही उपयोग झाला होता का? मी करून द्यायचो त्या शेकचा?"

हा प्रश्न त्याला दिवसातून दहा जण विचारत, आणि त्याच्याकडे उत्तर तयार असे. पारुलने पहिल्यांदाच त्याला तो विचारताना ऐकलं.

"तेवढंच पोटात जायचं," ती म्हणाली. "दुसरं काही उतरायचं नाही. ते नसतं तर मी अंथरुणाला खिळले असते."

त्याने मान हलवली. एकदा, मग पुन्हा. त्याला बरं वाटलं की वाईट, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं.

"आणि रविवार?" तिने विचारलं.

"हॉल भरलाय. साहेब खास तुला बघायला येतायत." त्याने पहिल्यांदा फलकाकडे पाहिलं. "हे व्यासपीठावर कसं सांगायचं, पारुल?"

सांगितलं तर तो खोटा ठरत होता, आणि तो खोटा नव्हता. नाही सांगितलं तर बिनिता त्या पिवळ्या कुर्त्याच्या आतच राहणार होती, आणि तीही. ती उठली आणि कठड्यावरच्या कुड्या कानांत घालू लागली. एका कुडीची फिरकी बसेना. निमेष बघत होता. उठून मदत करावी असं त्याच्या मनात आलेलं तिला दिसलं, पण तो उठला नाही.

दारात चपलांचा आवाज झाला. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली वाटावी अशी एक मुलगी आत आली, गोलमटोल, कपाळावर घाम. ती फलकाकडे बघून थबकली, मग पारुलकडे बघितलं, मग पुन्हा फलकाकडे.

"या तुम्हीच ना, आंटी? माझ्या मामीने सांगितलं होतं. मला असंच व्हायचंय. किती दिवसांत होतं?"

निमेष उठला. त्याचा चेहरा गिऱ्हाईक आल्यावर व्हायचा तसा झाला, हात टेबलावरच्या मापाच्या टेपकडे गेला. "बस, बेन. माझ्या बायकोने..." त्याने सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य त्याला आलं नाही. मुलगी वाट बघत उभी होती. त्याने टेप हाताभोवती गुंडाळली, सोडली.

"जेवण जातं ना नीट?" त्याने विचारलं. "घरी सगळं बरं आहे ना?"

"हो," मुलगी गोंधळून म्हणाली. "का?"

"काही नाही. विचारावं लागतं."

पारुलने त्याच्याकडे पाहिलं. हे त्याने आपल्याला ऐकू जावं म्हणून विचारलं, की रविवारी सांगायला एक नवं वाक्य सापडलं म्हणून, ते तिला कळेना. त्यालाही ते माहीत नसावं. तो टेपचं टोक हातात धरून तिच्याकडे बघत उभा होता, बरोबर विचारलं का, असं विचारल्यासारखा.

तिने मुलीसाठी खुर्ची ओढली.

"आधी बस," ती म्हणाली. "पाणी पी. मग सांगते."