उलटा बाण

माझी कन्या माया माजिवड्याच्या केंद्रात बँकेच्या परीक्षेस बसली होती आणि मी फाटकाबाहेर अस्वस्थ चित्ताने येरझारा घालीत होतो. आदल्या सायंकाळी तिने तर्काच्या प्रश्नांतला 'जर-तर'चा बाण वहीत काढून मला समजावले होते, "तीन प्रवासी बसले, तर शेअर रिक्षा सुटते. बाबा, हा बाण उलटा फिरत नाही."

मी कोपरीच्या स्टँडवर सतरा वर्षे रिक्षा चालवीत आहे. म्हणून अधिकारवाणीने म्हणालो, "फिरतो. रिक्षा सुटली म्हणजे तीन बसलेच." तिने वही मिटली.

इतक्यात केंद्रासमोरच्या स्टँडवर वाहतूक हवालदार आला आणि एक रिक्षा एकाच प्रवाशासह घाईने सुटली. मीदेखील कित्येकदा असाच सुटलो होतो. माझ्या अज्ञानापायी पोरीचे वर्ष वाया जाणार, या विचाराने पाय एका जागी ठरेनात.

माया बाहेर येताच मी विचारले, "बाणाचा प्रश्न आला?"

"तीन आले."

"उलटा फिरवलास का गं?"

"नाही हो. हवालदार दिसला की तुम्ही रिकामेच पळता, मला काय माहीत नाही?"

मी रिक्षा सुरू केली. मागे ती एकटीच बसली होती.