डावी खिडकी

व्हॅनमधली मुलं त्या दोघांना काका-काकू म्हणत, म्हणून सगळी गल्लीच त्यांना काका-काकू म्हणू लागली होती. काका शाळेची व्हॅन चालवत आणि काकू त्यांच्या शेजारच्या सीटवर बसे. मुलांना सांभाळायला, असं पालकांना वाटे. "काकू, तुम्ही गाडीत असता म्हणून आम्हाला घोर नाही," असं एखादी आई म्हणाली, की काकू नजर चुकवायची. कारण ती मुलांना सांभाळायला बसतच नव्हती. ती काकांचे डोळे म्हणून बसत होती.

काकांना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत चालली होती आणि दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं होतं. समोरचं मात्र लख्ख. रस्त्याच्या टोकावरची पाटी ते आजही बायकोच्या आधी वाचत, आणि तिथंच तर घोडं पेंड खात होतं. "काळं कुठं दिसतंय मला? सगळं जागच्या जागी आहे," असं ते डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनाच ऐकवून आले होते.

"काळं दिसत नाही, हाच तर धोका आहे," बाई म्हणाल्या होत्या. "जे दिसत नाही, तिथं मन आपलं आपणच मोकळा रस्ता रंगवून टाकतं. थेंबांनी उरलेलं टिकेल. गेलेलं परत येणार नाही. गाडी आजपासून बंद."

काकांनी मान डोलावली, थेंबांची बाटली खिशात टाकली आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

तेव्हाच काकूने तोंड उघडायला हवं होतं. तिने ते उघडलं, पण भलत्याच कामासाठी. "डावीकडून सायकल." "उजवीकडे म्हातारी." काकांना दुसरं काही काम मिळेपर्यंतच, असं दोघांत ठरलं होतं. काकू काही बोलली नाही तर रस्ता मोकळा, हेही आपसूक ठरून गेलं. दुसरं काम शोधतंय कोण? काका हळूहळू निर्धास्त झाले, गाडी चालवताना गुणगुणू लागले, आणि काकू त्या सीटला खिळून राहिली. तिला आजारी पडायचीही चोरी झाली. बहिणीचं ऑपरेशन झालं, तरी तिला जाता आलं नाही. "या वयात नवऱ्याला इतकं काय चिकटून बसायचं?" बहीण फोनवर म्हणाली. काकू हसली, आणि फोन ठेवल्यावर रडली. नवऱ्याशी भांडावं तर चालत्या गाडीत भांडता येईना. अबोला धरावा, तर अबोला म्हणजे मोकळा रस्ता.

मग एका सकाळी तिचा घसा साफ बसला.

"माझ्या गुडघ्यावर थाप मार," काका म्हणाले. "डावीकडे असलं तर एक, उजवीकडे असलं तर दोन." आणि वर स्वतःच्याच युक्तीवर खूश झाले.

शाळेजवळच्या वळणावर मागे कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली. काकू मागे वळते न वळते, तोच एक चिमुकला आवाज आला, "काका, डावीकडून स्कूटर."

काकांनी ब्रेक दाबला. स्कूटर समोरून सुसाट निघून गेली. "शाब्बास गं," काका म्हणाले आणि पुढे निघाले, जणू काही झालंच नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी मुलं भराभर उतरली. सगळ्यांत लहान मुलगी तेवढी डाव्या काचेला नाक लावून बसलेली. काकूने तिला उचललं, तर तिचं अंग चांगलंच तापलं होतं.

"अगं, घरी नाही का राहायचं?" काकूने फाटक्या आवाजात विचारलं.

"आज डावी खिडकी माझी आहे."

"म्हणजे काय?"

"आम्ही पाळ्या लावल्यात. काकांना बाजूचं दिसत नाही ना. तू एकटी किती बघणार?" मग ती काकूच्या कानाशी आली. "घरी कुणीच सांगत नाही. सांगितलं की तुमची गाडी बंद होईल."

काकूने तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं. स्वतःला डांबून घेतलं ते घेतलं, या पोरांनाही तिने आपल्याबरोबर आत कोंडलं होतं. तापाने फणफणलेली एवढीशी पोर कामावर हजर झाली होती, मूग गिळून, आणि कुणासाठी, तर दोन जाणत्या माणसांसाठी. काकूला स्वतःची लाज वाटली, आणि नवऱ्याचा असा संताप आला, की आजवर कधी आला नव्हता.

मुलीला शाळेतल्या बाईंच्या हवाली करून ती परतली. गाडीच्या पुढून, डाव्या अंगाने.

काका समोर बघत होते. "बसलीस ना? निघू?" ते शेजारच्या सीटला म्हणाले.

काकूने हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. उत्तर नाही म्हणजे रस्ता मोकळा. काकांनी गाडी डावीकडे, थेट तिच्या अंगावर वळवली.

तिने दोन्ही हात बॉनेटवर आपटले. गाडी थांबली तेव्हा बॉनेट तिच्या पोटाला टेकलं होतं. काकांनी आधी आरशात बघितलं, मग उजवीकडे, मग मान पुरती वळवून तिच्याकडे. शेवटी शेजारच्या रिकाम्या सीटकडे.

"मला वाटलं, तू इथंच आहेस," ते म्हणाले.

त्यांनी इंजिन बंद केलं. काकू वळसा घालून त्यांच्या खिडकीशी आली आणि तिने त्या मुलीच्या आईला फोन लावला.

"ताई, लेकीला ताप आहे तुमच्या. न्यायला या. आणि दुपारी..." एवढं बोलेपर्यंत आवाज पुरता गेला.

"हॅलो? काकू, दुपारी काय?"

काकांनी खिडकीतून हात बाहेर काढला. तो फोनपासून बराच लांब गेला. काकूने फोन त्यांच्या हातात ठेवला.

"काका बोलतोय," ते म्हणाले. "मला बाजूचं दिसत नाही, ताई. बरेच महिने झाले."

काका फोन कानाला लावून तिच्या उत्तराची वाट बघत राहिले.