कोपरा उजळला तेव्हा

पहिला शेवट

स्क्रीन बदलून झाली, लॅपटॉप चालू झाला, हेमावतीअक्का तो घेऊन गेल्या. गोष्ट इथे संपायला काही हरकत नव्हती.

आठच दिवसांत, सकाळी फोन करून, अक्का परत नव्या पेठेतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात. महेश्वरच्या काउंटरवर त्यांनी आधी एक चादर टाकली, तिच्यावर लॅपटॉप.

"बघ तुझी करामत."

चादरीची जमीन, म्हणजे बुट्ट्यांमागचा रंग, मरून हवी होती, निघाली होती विटकरी. अक्का अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात चादरीची डिझाइनं काढायच्या, याच लॅपटॉपवर. नव्या स्क्रीनचा डावा खालचा कोपरा मात्र चुलीमागच्या भिंतीसारखा काळवंडलेला. तिथं रंग गडद दिसला, म्हणून अक्कांनी तो उजळ केला. त्याबरोबर सगळी जमीनच उजळली. मागावरून चाळीस चादरी उतरल्यावर शेठच्या लक्षात आलं.

"आज चारपर्यंत सुधारून पाठवायचं. न्हाय जमलं तर उद्यापासून माझ्या खुर्चीत दुसरा माणूस. बावीस वर्षं झाली रे, महेश."

"दुसरा मॉनिटर जोडून..."

"लॅपटॉप पडला तवाच ते बाजूचं भोक वाकलंय म्हणून तूच सांगितलास की."

आणि डिझाइनचा प्रोग्रॅम या एका मशीनशिवाय कुठं उघडत नव्हता. घड्याळात अडीच.

दुसरा शेवट

महेश्वरने कडेचे स्क्रू सैल केले. पॅनेल आवळलं गेलं की कधी कधी उजेड दबतो. कोपरा तसाच. मागे दबलेली वायर बाजूला घेतली.

तसाच.

आता पॅनेलचं पोट उघडणंच राहिलं होतं. असं त्याने आयुष्यात एकदा केलं होतं आणि ते पॅनेल गेलं होतं. हे तो अक्कांना बोलला नाही.

काच अलगद उचलली. खाली उजेड पसरवणारे पांढरे थर, कागदापेक्षा पातळ. त्यातला एक डावीकडे सरकून दुमडला होता. हेच ते! त्याने तो सरळ केला. करताना थरावर बोटाचा ठसा उमटला, आणि हात आपोआप खिळ्याकडे गेला. दुकान म्हटलं की खिळा आणि खिळ्याला टॉवेल. हात, काउंटर, चष्मा, कपाळ, सगळं त्यानंच पुसायचं. त्याने थर पुसले. पुढून, मागून. काच बसवली.

कोपरा उजळला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दुधासारखा उजेड.

"जमलं की रे!" अक्का किती दिवसांनी हसल्या कोण जाणे.

इथे तरी संपायला हवी होती.

"ते काय रे बारीक बारीक?"

अक्कांनी पदराने स्क्रीन पुसली. ठिपके पुसले गेले नाहीत. ते आत होते. तंतू, कुसं, गुंतलेली टोकं, स्क्रीनभर. अक्कांनी वाकून बघितलं. सूत त्यांना ओळखू येणार नाही तर कुणाला?

"टॉवेल धुतला न्हाईस का कधी?"

"कोराच काढला, अक्का. आजच. तुमी येणार म्हणून." त्याने मान खाली घातली. "दिवाळीला तुमीच दिलेला."

अक्का खिळ्याकडे बघत राहिल्या. कारखान्याचाच नग, काठ त्यांनीच काढलेला.

"कोऱ्याचं सूत लई सुटतं रे," त्या हळूच म्हणाल्या.

राहिलेलं

त्याने पुन्हा उघडलं. ब्लोअर मारला, तर तंतू या थरावरून त्या थरावर. चिमट्याने तीन निघाले, आत दहा गेले. पावणेचारला अक्का म्हणाल्या, "राहू दे. बसव."

त्यांनी डिझाइन उघडलं. तीच विटकरी जमीन, तिच्यावर ठिपक्यांएवढ्या बारीक फुलांच्या बुट्ट्या. त्यातली बुट्टी कुठली आणि टॉवेल कुठला, कळेना. मग अक्कांनी डिझाइन बोटाने वर सरकवलं. जे सरकले ते त्यांचे ठिपके. जे जागच्या जागी राहिले ते महेश्वरचे.

"हा?"

"माझा, अक्का."

"हा?"

"तुमचा."

चार वाजले. शेठचा फोन वाजला. अक्कांनी "व्हय शेठ" म्हटलं, दोनदा. मग नुसतंच ऐकलं. फोन पालथा ठेवला.

"काय म्हणाले?"

अक्कांनी डिझाइन आणखी थोडं वर सरकवलं.

"आणि हा?"