डावा हात

निघायच्या दिवशी सकाळीच शकुनबाईच्या हातात टाळाची दोरी तुटली.

रामनवमीपासून नऊ महिने तो टाळ खुंटीवर तसाच होता. जरा धूळ पुसावी म्हणून तिनं हात घातला, तर दोरी तटकन गेली आणि अर्धा टाळ घरंगळत देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन उपडा पडला.

"काय पडलं वं?" बाहेरून मारोतरावांनी विचारलं.

"काई नाही. ताटली."

देवासमोर खोटं बोलले, म्हणून तिनं कानाला हात लावला आणि टाळाचे दोन्ही तुकडे गव्हाच्या कोठीमागं ठेवून दिले. मग पदराच्या टोकाची गाठ चाचपली. गाठीत कागदात गुंडाळलेली गोळी होती. जिभेखाली ठेवायची. नऊ महिने ही गाठ तिनं एका लुगड्याच्या पदरातून दुसऱ्या लुगड्याच्या पदरात बांधली होती, पण सोडली नव्हती.

मारोतराव कीर्तनकार. नोकरी जवाहरनगरच्या फॅक्टरीत केली, बत्तीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली, पण सोमवार ते शनिवार सरकारचा आणि रविवार हरीचा. लाखांदूरपासून तुमसरपर्यंत असं गाव नसेल जिथं त्यांनी उभं राहून लोकांना हसवलं नाही आणि त्याच हसण्यात रडवलं नाही. मागं टाळ धरून शकुनबाई उभी. नवराबायकोची एक खूण होती. बोलता बोलता मारोतरावांचा दम भरून आला की ते डावा हात खांद्याइतका वर करायचे. त्या क्षणी शकुनबाईनं ध्रुपद उचलायचं. ध्रुपद त्यांनीच रचलेलं, 'नको सोडू हात, हरी, वाट थोडी'. ती दोनदा म्हणेपर्यंत यांचा श्वास जागेवर यायचा, तिसऱ्या वेळी तेही त्यात सूर मिसळायचे आणि कीर्तन पुढं निघायचं. समोरच्या लोकांना वाटायचं, वा, काय रंगलं! ही खूण फक्त तीन माणसांना ठाऊक. हे दोघं, आणि पेटीशी मांडी घालून बसणारी त्यांची लेक रुचिता.

रामनवमीला लाखांदूरच्या सप्त्यात तो हात असाच वर गेला. शकुनबाईनं ध्रुपद घेतलं. दोनदा झालं, तीनदा झालं. हे आलेच नाहीत. सातव्या वेळी ते गुडघ्यावर बसले आणि आडवे झाले. तेव्हा तिच्या तोंडून गाणं गेलं, किंकाळी निघाली.

दवाखान्यातून घरी आल्यावर एका संध्याकाळी ते म्हणाले होते, "मी काळ्या विहिरीत होतो, शकुन. तुह्या आवाजाले धरून वर येऊन राहिलो होतो. तू मधातच थांबली काहून?"

रागानं नव्हते बोलले. पण तो काटा तिच्या काळजात जो बसला तो बसलाच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कीर्तन बंद. मनाला मोठा हिसका बसता कामा नये, आनंदाचासुद्धा. दुसऱ्या वेळी माझ्याही हातात काही राहणार नाही.

आणि आता रुचिता येणार होती. ती पुण्याच्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. नागपूरचा कार्यक्रम आटोपून मंडळी दुपारी जवाहरनगरच्या सभागृहात वाजवणार होती. लहानपणी ज्यांनी तिच्या हातात व्हायोलिन दिलं, त्या बाबुलाल मास्तरांचा फोन आला होता. मास्तर म्हणजे फॅक्टरीतले मारोतरावांचे जुने सोबती.

"नोका जाऊ," शकुनबाई म्हणाली होती. "पोरगी घरी येईनच भेटाले."

"पोरीनं माहे शंभर कीर्तनं ऐकली. मी तिचं एक नोको ऐकू?"

शकुनबाईनं गोळीची गाठ आणखी घट्ट केली.

निवृत्तीनंतर दोघं एकोडीला राहायला आलेले. एकोडीहून साकोली, साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून जवाहरनगर. एस्टीच्या खिडकीतून धानाची रिकामी बांधी मागं जात होती. कापणी होऊन नुसता खुंट उरलेला, वर राखी रंगाचं धुकं. नवरा खिडकीशी गुणगुणत होता आणि शकुनबाई त्याच्या मानेची शीर बघत होती.

सभागृहाच्या दारात बाबुलाल मास्तर कोट घालून उभे. "आओ महाराज! दुसऱ्या रांगेत बसवतो तुमाले. भाभीजी, तुमी माझ्या बाजूला बसा, सब समजवून सांगतो."

पडदा वर गेला. चाळीसेक माणसं रांगेनं बसलेली, आणि सगळी काळ्या कपड्यांत. बायासुद्धा. ना हार, ना बुक्का, ना समोर समई.

"मास्तर, शुभ कार्याले काळे कपडे?"

"ड्रेस आहे त्यांचा, भाभी."

डाव्या अंगाला, तिसऱ्या खुर्चीवर रुचिता दिसली. काळ्या कपड्यांत चेहरा तेवढा उजळ. तिनं आईबापांना हेरलं, हसली नाही, नुसती मान जराशी झुकवली. कीर्तनात बापाला वाकून नमस्कार करायची, तशीच.

एकानं सूर धरला आणि चाळीस जण त्या सुराला आपापली तार जुळवू लागले. हे शकुनबाईला ओळखीचं वाटलं. तंबोरा लागतो तसं. मग हातात छडी घेतलेला उंच माणूस आला, वाकला, आणि लोकांकडं चक्क पाठ करून उभा राहिला.

"अवो, याची पाठ आपल्याकडं!"

"त्याचं कीर्तन वाजवणाऱ्यांसाठी आहे," मास्तर कुजबुजले. "आपण नुसतं ऐकायचं. एक ध्यानात ठेवा. टाळी नाही, आपसात गोष्टी नाही. मधात थांबलं तरी चूप बसायचं."

छडी खाली आली.

असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. पहिल्यांदा फक्त मोठी, उभी व्हायोलिनं खालच्या सुरात सरकू लागली, जशी तलावाच्या पाळीखालून पाण्याची चाहूल यावी. मग एकेक जण त्यात उतरला. मागच्या बाजूला तांब्याच्या हंड्यांसारखे दोन नगारे होते, त्यांच्यावर एक माणूस हळूहळू, थांबत थांबत ठोके देत होता. ते ठोके कानांना नाही, खुर्चीच्या लाकडातून पाठीला लागत होते. शकुनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मारोतरावांचे डोळे मिटलेले. डावा हात गुडघ्यावर, मधल्या बोटानं ठेका चाललेला.

बोट चालतं आहे ना, मग बरं आहे. तिनं तेच धरून ठेवलं. वाजवणाऱ्यांकडं कमी, त्या बोटाकडं जास्त बघू लागली.

सूर चढत गेले. पितळी भोंगे उठले, नगारे गडगडले, छडीवाल्याचे केस कपाळावर आले. आणि एकाएकी त्यानं डावा हात खांद्याइतका वर केला.

सगळं थांबलं. चाळीस माणसं, चाळीस वाद्यं, जिथल्या तिथं.

शकुनबाईला दुसरं काही सुचलं नाही. पस्तीस वर्षांची सवय. डावा हात वर गेला आहे, माणसाचा दम तुटला आहे, आणि मागचा एकही मायचा पूत ध्रुपद उचलत नाही! तिच्या तोंडून खणखणीत निघालं:

"नको सोडू हात, हरी, वाट थोडी..."

सभागृह वळलं. कोणी फिस्सकन हसलं, कोणी "शू" केलं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. आणि तिकडं मंचावर रुचिता अर्धी उठली होती. तिला या गाण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं तिनं बापाला शोधलं. मारोतरावांनी डोळे उघडले, बसल्या जागी मान डोलावली. मी ठीक आहे, वाजव. रुचिता खाली बसली. छडी हलली, सूर पुन्हा वाहू लागले.

मारोतराव शकुनबाईच्या कानाशी लागले. हसू आवरत होते. "पागल झाली का वं? त्याचा दम नाही तुटला. तो चूप राहणंच वाजवून राहिला होता. आपल्यालेबी नाही जमलं असं, आपण बोलतच राहिलो जन्मभर."

पुढची बाई अजून मागं वळून बघत होती. शकुनबाईनं पदर तोंडाशी घेतला. म्हातारपणी लेकीची शोभा केली. भर सभेत.

"और एक बार थांबणार आहे, भाभी," मास्तर म्हणाले. "शेवटाले. लंबा. तेव्हा मात्र दातावर दात ठेवा. पोरीच्या इज्जतीचा सवाल आहे."

तिनं मान हलवली. मनाशी पांडुरंगाची शपथ घेतली, आता जीव गेला तरी आवाज काढणार नाही.

घेतल्या घेतल्या तिला ती शपथ बरी वाटली नाही. पण शब्द तर होऊन गेले होते.

वाजवणं आता संथ झालं होतं. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून येत होतं ते कधी गेलं कळलं नाही, मंचावरचे दिवे तेवढे पिवळे. रुचिताच्या रांगेतले सगळे गज एकाच बाजूला झुकायचे, एकाच बाजूला वळायचे, वाऱ्यात उभ्या धानासारखे. नगाऱ्यांचे ठोके दूर दूर होत चालले. एक. मग बराच वेळ. मग एक. शकुनबाईचं लक्ष गुडघ्यावरच्या बोटाकडं होतं. ते ठोक्याबरोबर पडत होतं. मग एका ठोक्याला चुकलं. मारोतराव तालाला चुकणारे नव्हेत. ऐकण्यात हरवले असतील, तिनं स्वतःला समजावलं. पुढच्या ठोक्याला बोट पडलं आणि तिचा श्वास सुटला. त्याच्या पुढच्याला पडलं नाही.

छडीवाल्याचा डावा हात वर गेला. सगळं थांबलं.

आणि तिच्या शेजारी मारोतरावांचाही डावा हात वर आला. खांद्याइतका.

ती बघत राहिली. यांना गंमत सुचली का? त्या माणसाची नक्कल करून राहिले? की मलेच सांगून राहिले, चूप बस म्हणून? मघाचं हसू आठवलं, पुढची बाई आठवली, शपथ आठवली. गळ्याशी आलेलं ध्रुपद तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबून दाबलं. एक क्षण. दोन. सभागृहात तीनशे माणसं श्वास रोखून बसलेली. त्यात एकाचा श्वास खरंच अडला असेल, तर कोणाला कळणार?

तेव्हा त्या शांततेत एकच व्हायोलिन वाजलं.

'नको सोडू हात, हरी, वाट थोडी.' शब्द नव्हते, पण चालीची एकूण एक हरकत होती. रुचिता उभी राहून वाजवत होती. छडीवाला हात वर धरून तिच्याकडं थक्क होऊन बघत होता, आणि ती त्याच्याकडं बघतच नव्हती. तिला समोर दुसऱ्या रांगेत डोक्यांच्या मधून वर आलेला एक डावा हात दिसला होता, आणि ध्रुपद कोणीच उचललं नव्हतं.

शकुनबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ जांभळे. घाम हनुवटीवरून टपकत होता.

"मास्तर! धरा!"

गाठ सुटेना. तिनं दातांनी पदरच फाडला. गोळी जिभेखाली सारली. मास्तर आणि आणखी दोघांनी त्यांना उचलून बाहेरच्या पडवीत बाकावर आडवं केलं, कोणी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. मागोमाग काळ्या कपड्यांत रुचिता धावत आली, हातात व्हायोलिन तसंच. "आई, तू काहून नाही म्हटलं? काहून नाही म्हटलं?"

शकुनबाई बाकाशी खाली बसली. तिनं नवऱ्याचा डावा हात आपल्या मनगटावर ठेवला आणि गायला लागली. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्या वेळी लागला. रुचितानं व्हायोलिन उचललं. तीन. चार. सभागृहाच्या दारात माणसं गोळा झाली, पुढच्या रांगेतली बाईही होती. आता कोणी शू करत नव्हतं. पाच. सहा. सातव्या वेळी तिच्या छातीत लाखांदूरचा मांडव उभा राहिला, आणि ती त्याच्यातून गात पुढं गेली.

आठव्याला तिच्या मनगटावर बोट हललं. मधलं. समेवर.

नवव्याला नाही. दहाव्याला पुन्हा.

फाटकातून गाडी आत वळली. तिच्यातला माणूस स्ट्रेचर टेकवून वाकला, म्हणाला, "आजी, जरा चूप बसा. नाडी पाहू द्या."

"पाहा ना भाऊ," रुचिता म्हणाली. "पण तिले थांबवू नोका."

शकुनबाईला ऐकूच गेलं नाही. स्ट्रेचरला धरून ती गात गात गाडीत चढली. एक पाय अनवाणी, चप्पल पडवीतच राहिली होती. दार लागलं तरी बाहेरच्यांना आतलं ध्रुपद ऐकू येत होतं.