टोपीवाला दिसला की लपायचं

मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलायचा नव्हे आणि केसांचाही नव्हे. आगगाडीत तिकीट तपासनिसाच्या हातात असायचा तो, तिकिटाला भोक पाडणारा. मित्रांनो, तुमच्यातले दोघे-तिघे आत्ताच एकमेकांकडे बघून हसलात, ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही. हसा. बिनतिकीट माणूसही आधी हसतच असतो.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला मान्य आहे. पण मी घडलोच तसा. अवजारांच्या एका कारखान्यात मला ओतले, घासले, माझ्या दोन दांड्यांमध्ये स्प्रिंग बसवली. प्रत्येक चिमट्याचे भोक वेगळ्या आकाराचे असे, म्हणजे कुठले तिकीट कोणी तपासले ते मागाहून कळावे. माझ्या वाट्याला चंद्रकोर आली. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला पुठ्ठ्यावर दाबून पाहिले, भोक उजेडासमोर धरले, चष्मा पुसला आणि पुन्हा दाबून पाहिले. स्वतःच्या हातावरही त्याचा भरवसा नव्हता. मग मी तरी कोणावर ठेवायचा?

पुढे मी एका तिकीट तपासनिसाच्या हातात गेलो. प्रवासी त्याला पाठीमागे ‘घार’ म्हणत. आमची नेमणूक उन्हाळी गाडीवर होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती शहरातून निघे, आधी तलावाच्या स्टेशनावर थांबे आणि पुढे थेट समुद्रापर्यंत जाई. संध्याकाळी तीच गाडी सगळ्यांना परत आणी. जाताना लोक इस्त्रीचे कपडे घालून, डबे आणि चटया सांभाळत बसलेले असत. येताना नाके लाल, केस ओले आणि सगळ्या डब्यात वाळूच वाळू. ती वाळू माझ्या स्प्रिंगमध्ये जाई आणि मी करकरू लागे. मग घार मला खिशातल्या रुमालाने पुसून तेलाचा थेंब देई. वरचे साहेब एकदा म्हणाले होते, “या चिमट्यातून माशी सुटत नाही.” ते ऐकून मला फार बरे वाटले होते.

त्या गाडीत काय काय पाहिले म्हणून सांगू! तिकीट विचारले की झोपणारे, खोकणारे, खिडकीबाहेर अचानक ओळखीचा माणूस दिसणारे. खाई त्याला खवखवे, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण माझ्या मनातून कधीच उतरले नाही ते एक कुटुंब. बाबा घड्याळे दुरुस्त करायचे, आई कपडे शिवायची, बरोबर बाबांची बहीण आणि एक मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणत.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नसे, पुढे अर्धे लागे. पहिल्या उन्हाळ्यात चिमणी आईच्या मांडीवर होती. “पाच व्हायचीत अजून,” आई म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात तिचे पाय जमिनीला टेकत होते, तरी पाच व्हायचीतच होती. घारीने भुवई उंचावली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलगी दिसेनाशीच झाली.

“छोटी कुठाय?” घारीने विचारले.

“घरी आजीकडे ठेवली हो, साहेब. ऊन बाधतं तिला,” आत्या म्हणाली.

पण परतीच्या गाडीत खिडकीला टॉवेल वाळत होते चार, आणि तिकिटे होती तीन! कुठेतरी पाणी मुरत होते, आणि ते नुसते टॉवेलातले नव्हते.

मग आम्ही पाळत ठेवली. हे लोक एकत्र बसतच नसत. आई आणि आत्या एका डब्यात, बाबा सामान घेऊन पलीकडच्या डब्यात. डबे आतून जोडलेले होते. आम्ही आईच्या डब्यात शिरलो की चिमणी बाकांखालून सरपटत बाबांकडे, आणि बाबांच्या डब्यात गेलो की आईकडे. घारीच्या हातावर तुरी देण्यात पोर इतकी तरबेज झाली होती की मला तिचा रागही येई आणि कौतुकही वाटे. एकदा घार आईला म्हणाला, “बाई, ती घरी आहे ना? मग हाक मारा बघू तिला.” आईने गोड आवाजात हाक मारली. कोणीही आले नाही. आई आमच्याकडे बघून हसली. तिला सगळे आधीच शिकवून ठेवलेले होते, याबद्दल मला तेव्हाच खात्री वाटली.

मग तो दिवस आला. संध्याकाळी गाडी तलावाच्या स्टेशनावर थांबली आणि ओल्या माणसांची एकच झुंबड उडाली. घार मुद्दाम फलाटावर, आईच्या डब्याच्या दाराशी उभा राहिला होता. आज सोडायचे नाही, असे आमचे ठरले होते. आई आणि आत्या चढल्या. बाबा पलीकडे चढले. पोर काही दिसली नाही. शिटी झाली, गाडी सुटली.

आम्ही आधी आईच्या डब्यात गेलो. मुलगी नव्हती. घाईने बाबांच्या डब्यात गेलो. तिथेही नव्हती. घार गुडघ्यांवर बसला. त्याने एकेक बाक वाकून पाहिला, चटयांच्या गुंडाळ्या उलगडायला लावल्या, संडासाचे दार ठोठावले. प्रवासी वैतागले. “अहो, तिकीट शोधताय की साप?” एकाने विचारले. घारीने लक्ष दिले नाही. तो बाबांना दंडाला धरून आईसमोर घेऊन आला.

“आज सोडणार नाही. कुठे लपवलीय पोरीला?”

“घरी आहे ती,” बाबा सवयीने म्हणाले.

“मी सगळी गाडी पाहिली. नाही म्हणजे कुठेच नाही. सांगा!”

आईने बाबांकडे पाहिले. बाबांनी आईकडे पाहिले.

“तुझ्याकडे पाठवली होती ना मी?” बाबा अगदी हळू म्हणाले.

“माझ्याकडे? मला वाटलं, तिकडेच असेल.”

आईच्या तोंडचे पाणी पळाले. आत्या मटकन खाली बसली. आणि खरे सांगतो मित्रांनो, तेव्हाही मला वाटत होते, हे नवे नाटक असेल. दाराशी टांगलेली साखळी ओढायला घारीचा हात वर गेला, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. पण तोवर पुढचे स्टेशन आलेच होते.

तिथल्या मास्तरांनी तलावाच्या स्टेशनाला फोन लावला. फलाटावर मुलगी नाही, असे उत्तर आले. हाका मारल्या, कोणी ओ देत नाही. होडीवाले पाण्यावर गेले आहेत. होडीवाले हा शब्द ऐकताच आई समोरच्या फलाटाकडे धावली. आत्याला सामानापाशी ठेवून आम्ही समोरून येणाऱ्या गाडीत चढलो. घारीला आपली गाडी सोडून जायचे नसते, पण तो आला.

तलावाचा फलाट रिकामा होता. मास्तर, हमाल, सिग्नलवाला, सगळे “चिमणी, चिमणी” म्हणून ओरडत फिरत होते. उन्हे उतरली होती. खाली तलावात तीन होड्या काठाकाठाने बांबू टोचत सरकत होत्या. त्या बांबूंकडे बघणे मला नको झाले.

आईने हाक मारली. तिचा आवाज फाटला, पण उत्तर आले नाही. ती वळली आणि घारीच्या टोपीकडे बघतच राहिली. मग मास्तरांच्या टोपीकडे, हमालाच्या टोपीकडे.

“साहेब, तिला आम्हीच शिकवलंय,” ती म्हणाली. “टोपीवाला दिसला की लपायचं. तो जवळ असेल तर मी हाक मारली तरी बाहेर यायचं नाही. तुम्ही मागं हाक मारायला लावलीत ना, तेव्हाही ती म्हणूनच आली नाही.”

घारीने टोपी काढली. मास्तरांनी काढली, हमालानेही काढली. आई तिकिटाच्या खिडकीकडे धावली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक अर्धे तिकीट होते. ते डोक्यावर उंच धरून ती फलाटभर ओरडत सुटली, “चिमणे, तुझं तिकीट काढलंय गं! खरंच काढलंय! आता नाही लपायचं!”

फलाटाच्या टोकाला भाड्याच्या रबरी ट्यूबांचा ढीग एका हातगाडीवर रचलेला होता. त्यातली वरची ट्यूब हलली. मग दुसरी घरंगळली, आणि ढिगातून एक डोके वर आले.

“माझं एकटीचं?” तिने विचारले.

आई तिला घट्ट धरून रडली. बाबा हातगाडीला धरून उभे राहिले. पाण्याकडे कोणीतरी ओरडून सांगितले आणि होड्या थांबल्या. आईच्या डब्याच्या दाराशी घार उभा दिसला म्हणून चिमणी मागे फिरली होती, एवढेच.

चिमणीने तिकीट घारीपुढे धरले. तिच्या जन्मात पहिल्यांदाच ती आमच्यासमोर उभी राहत होती. घार खाली वाकला आणि सवयीने विचारून गेला, “वय काय गं तुझं?”

तिने आईकडे मान वळवली.

“आई, खरं सांगू की गाडीतलं?”

घारीने तिच्याकडे बघतच, तिकिटाकडे न पाहता, मला दाबले. माझ्या आयुष्यात वाकडी पडलेली चंद्रकोर ती एकच.

आता तिकिटे यंत्र तपासते आणि मी घारीच्या घरी शिवणाच्या डब्यात गंजतो आहे. नातसुनेला मी कशासाठी आहे ते ठाऊक नाही. तेलाचा थेंब मिळाला तर बरे वाटेल, पण माझे मागणे ते नाही. मित्रांनो, तुम्ही तलावावर जाल, समुद्रावर जाल, परतीच्या गाडीत दमून बसाल. तेव्हा गाडी सुटण्याआधी आपली माणसे मोजा. मनातल्या मनात नव्हे, बोट लावून, मोठ्याने. कोणी म्हणाले, “तिकडे असेल,” तर ऐकू नका, मग ते तुमचे आईबाबा का असेनात. उठा, आणि तिकडे जाऊन बघा.